मुरणं

बाटलीतला वास वेगळा, सिन्योर,
गालावरचा वेगळा.
चाळीस वर्षं रेज्जोत दाढ्या करतोय,
नाक माझं वस्तऱ्याइतकंच धारदार.

लावल्या लावल्या बर्गमॉट वर येतं,
हिरवं, आंबट, सालीला नख लागल्यासारखं.
सगळे त्यावरच भाळतात, पैसे मोजतात.
टिकतं ते जेमतेम कॉफी संपेपर्यंत.
मग मिरी. गळ्याखाली जरा चुरचुरते,
बाप्या माणसाला वाटतं, आज भांडण आपणच जिंकणार.
लाकूड येतं ते दुपार कलल्यावर,
घाम, तंबाखू, बोटीचं डिझेल, सगळं पोटात घेऊन.
कॉलरला मुरतं ते हेच.

निकोदेमोची बायको म्हणायची,
हा घरी येतो तो सुताराकडून आल्यासारखा.
आणि हा तर मेस्सिनाच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा!

परवा त्याची शेवटची दाढी मीच केली.
पाणी कोमट घेतलं, सवयीनं.
विचारलंसुद्धा, लागलं तर नाही ना.
मग तळहातावर चार थेंब, दोन्ही गालांना.

संध्याकाळी लोक जमले, मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या,
मी वाकून पाहिलं.
बर्गमॉट तसंच.
हिरवं, आंबट, सकाळचं.
मिरी आलीच नाही.

त्याची बायको माझ्याकडे बघत होती.
म्हटलं, बाटली नवी आहे, वेळ लागतो.
तिनं खुर्चीवरचा त्याचा जुना कोट उचलला,
कॉलरला नाक लावलं.
“इथं आहे लाकूड,” म्हणाली,
जरा रागानंच.