भर दुपारचा दिवा

बुधवारी सकाळी दहाला घराचा लिलाव.
व्हर्ना होल्टकँपनं तारीख कुठे लिहून ठेवली नव्हती,
तरी दूध काढायला फ्रिज उघडला
की आत तीच दिसायची.

सोमवारी ती वकीलबाईंसमोर बसली.
मांडीवर बुटांचा खोका,
खोक्यात हॉस्पिटलची बिलं, बँकेची पाकिटं,
निम्मी न फोडलेली.
"बंद ठेवली की आकडा वाढत नाही, असं वाटायचं."
नादिन हद्दाद हसली नाही.
टोलेडोत असल्या खोक्यांवरच तिचं ऑफिस उभं होतं.

मग यादी.
जे जे तुमचं, ते सांगा.
आज विकलं तर काय येईल, तेही.
सोफा, चाळीस डॉलर.
शिवणयंत्र, पंधरा. पायडल अडतं.
गाडी, दारावरच्या पोच्यासकट, अठराशे.
लग्नाची अंगठी...
"बोट सुजलंय, निघत नाही. तरी लिहायची?"
"लिहा. बोट कुणी मागत नाही."
कुत्रा, वय तेरा, एका डोळ्यानं आंधळा: शून्य.
त्या शून्यावरून पेन दोनदा फिरलं.

स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच तिनं सांगितलीच नाही.
ऑरिननं कारखान्यातून आणलेली, तपासणीत नापास,
कोपऱ्यात एक बुडबुडा अडकलेला.
सकाळी साडेसातला तो बुडबुडा
ओट्यावर वाटाण्याएवढा उजेड ठेवतो.
ऑरिन गेल्यावरही ठेवतो.
फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

बुधवार. आठ बावन्नला दिवाळखोरीचा अर्ज दाखल.
नऊ वीसला शेरीफच्या ऑफिसात फोन.
दहाला कोर्टाच्या गार मजल्यावर
चौदा घरं पुकारली गेली.
पंधराव्या ओळीवर कारकुनानं
एक आडवी रेघ ओढली
आणि तो सोळावं वाचू लागला.
एवढंच.
त्या पंधराव्यासाठीच आलेला, खाकी कोटातला एक माणूस
घड्याळ बघून कॉफी प्यायला गेला.

आता पुढे साठ हप्ते.
शिवाय घराचा नेहमीचा हप्ता आहेच.
पाच वर्षं कोर्टाला विचारल्याशिवाय
नवं कर्ज काढायचं नाही, गाडी घ्यायची नाही.
डेलचा फोन आला: "आई, चर्चमध्ये कळलं तर?"
"कळू दे. पुढच्या बाकावरचे दोघं
माझ्या आधी तिथं जाऊन आलेत."

जुन्या पेठांतून म्हणे
पेढी बुडाली की पेढीवाला भर दुपारी
दारात दिवा लावून बसायचा.
ज्यानं त्यानं बघून समजून घ्यायचं.
व्हर्नाला हे कुणी सांगितलेलं नाही.

पण त्या दिवशी ती घरी आली, तेव्हा
ओसरीवरचा बल्ब रात्रीपासून तसाच जळत होता.
टपालवाला बघून गेला होता,
समोरची बाई पडद्याआडून अजून बघत होती.
व्हर्नानं बटणापर्यंत हात नेला,
मागे घेतला.
"राहू दे," कुत्र्याला म्हणाली,
"विजेचं बिल अजून माझ्याच नावावर येतं."