पान चौऱ्याऐंशी

कालिन्याच्या गेटसमोर, झेरॉक्सच्या मागे माझं टेबल.
एकोणीस वर्षं प्रबंध टाइप करते.
समजतात थोडे,
बोटांना आठवतात सगळे.

आज एक मुलगा पेन ड्राइव्ह देऊन गेला.
"मावशी, शुद्धलेखन तेवढं बघा,
शुक्रवारी बाइंडिंग. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं."

पान चौऱ्याऐंशीवर थांबले.
'सुकट'च्या जागी 'सुटक'.

ही चूक माझी आहे.
हेमांगी वैतीच्या प्रबंधात, रात्री साडेदहाला,
शटर अर्धं खाली असताना केलेली.
सहा वर्षं वर्सोव्याच्या बायकांत बसून
तिनं वह्या भरल्या होत्या,
पानापानाला जवळ्याचा वास.
तळटीपेत लिहिलं होतं:
माझी आई तागडीवर नाही, मुठीनं मोजते.

तळटीपही आली आहे इथे.
'माझी आई'ची फक्त
'एक महिला' झाली आहे.
मार्गदर्शक तेच. सही तीच,
शाई तेवढी निळ्याची काळी.

बाकीच्या एकशे बारा चुका दुरुस्त केल्या.
ती राहू दिली.

बिलात एक पान कमी धरलं.
त्याचे पैसे
हेमांगीनं तेव्हाच दिले होते.