सायकलची सीट

प्रकाशकाचं पत्र आलंय: चौथं प्रकरण कुठवर आलं?
त्याला निर्णय हवेत. नकाशे, खलबतं,
कोण कोणाला टेबलापलीकडून काय म्हणालं.
मी टाइपरायटरला कागद लावतो
आणि आठवते ती सायकल.

स्केल्बीचा तळ म्हणजे चिखल, शुगरबीट,
आणि मधून एक काळी धावपट्टी.
मी विंग कमांडर, वय सत्तावीस;
पोरं पाठीमागे मला म्हातारा म्हणत.
उड्डाणाच्या संध्याकाळी ती सायकली टेकवून जात
पत्र्याच्या शेडला, एकीवर एक.
पहाटे ज्या उरत, त्या कुणीतरी हलवायच्या असत.
कुठल्याच नियमावलीत असा हुकूम नव्हता.
फिटर स्टॅनफर्थ हलवायचा,
घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर अंगठा दाबून.

नोव्हेंबरात सातांतली एक मी ठेवून घेतली.
ऑब्री पिनकची. नॅव्हिगेटर. बुटका.
खरं तर ती भांडारात जमा व्हायची.
(घाला हे चौथ्या प्रकरणात: कमांडरने सायकल ढापली.)
सीट फार खाली. माझे गुडघे हँडलला लागत.
पाना खिशातच होता, दोन मिनिटांचं काम.
केलं नाही.

त्याच्या आईला मी लिहिलं, ‘फार मनमिळाऊ होता.’
त्या महिन्यात अकरा आयांना तेच लिहिलं.
आणि हा तर कुणाशी धड बोलत नसे,
पेन्सिलीचं टोक चावायचा,
हिशेब चुकला की स्वतःलाच शिव्या घालायचा.
तेच लिहायला हवं होतं. तिला ओळख पटली असती.

मग बाहीवरची पट्टी रुंद झाली.
एडन, सायप्रस, शेवटी व्हाइटहॉल,
जिथे विमानं म्हणजे रंगीत टाचण्या
आणि ‘हानी अपेक्षेपेक्षा कमी’
हे वाक्य मला झोपेतही येऊ लागलं.
दर बदलीला सामानात सायकल.
हेस्टर म्हणायची, पदकं मोज्यांच्या खणात
आणि या भंगाराला आगबोटीचं भाडं!
तिने कारण कधी विचारलं नाही.
पण ती होती तोवर
दर वसंतात साखळीला तेल असायचं.

आज नातीने ती शेडमधून ओढून काढली.
बारा वर्षांची. ‘आजोबा, सीट मला बरोब्बर!’
दूध आणते म्हणाली, आणि वळणाआड गेली.

दूध म्हणजे वीस मिनिटं.
पंचविसाव्याला मी फाटकाशी.
हा हिशेब मला पाठ आहे:
इंधन किती, वारा कुठला,
कुठवर वाट बघायची
आणि मेसच्या आचाऱ्याला कधी सांगायचं
की अंडी सात कमी तळ.

चाळीस.

मग कुंपणामागून चालत आली, सायकल ढकलत,
चाक पंक्चर, दूध विसरलेलं,
आणि वाटभर घंटी वाजवत.