शनिवारचं व्याख्यान

साखर पेठेतल्या वाचनालयात
गड्डम सर बोलतायत जुन्या पाणवठ्यांवर,
शेजारच्या मागांपेक्षा आवाज चढवून.
श्रोते अकरा.
त्यातले दोघे नुसते पेपर वाचायला आलेले.

कपाटांमागे मुलं
कटपीस टॉवेलच्या बाहुल्या शिवतायत.

पाच-दहाला लाईट जाते.
माग थांबतात, पंखा थांबतो,
सर मात्र ओरडतच राहतात,
"त्या विहिरीला तेव्हा..."
आणि स्वतःच्याच आवाजाला दचकतात.

मग कपाटांमागून लक्षम्माची नात:
बाहुलीला तेलुगूत रागावते,
तेच जुबेरला मराठीत सांगते,
जुबेर पुढच्याला, हिंदीत, जरा तिखटमीठ लावून.

सर खुर्ची तिकडे वळवून बसतात.

ग्रंथपाल येमूलबाई वहीतले अकरा खोडतात,
मुलं मोजायला उठतात.
बाहुल्या धरायच्या का,
हे कुणाला विचारावं?