इतर हक्क

बत्तीस वर्षं नगर भूमापनात
मी पुण्याच्या जागा मोजल्या.
कसब्यातले बोळ, हडपसरचा ओढा,
एका चिंचेवरून कोर्टात गेलेले दोन भाऊ.
चिंच हद्दीवर होती. मी लिहिलं, ‘झाड एक’.
ती कोणत्या महिन्यात फुलते
हे कुणी विचारलं नाही,
नकाशाला लागत नाही ते.

आता सहकारनगरात, तळमजल्याच्या मागे,
माझी स्वतःची अर्ध्या गुंठ्याला चार हात कमी अशी जागा.
गुडघा बदलला, आणि डॉक्टर म्हणाले,
मागच्या दारापासून भिंतीपर्यंत
रोज वीस चकरा.

पहिल्याच आठवड्यात सोसायटीला लेखी तक्रार दिली:
भर दुपारी कुणीतरी ठोकाठोक करतं.
टुक, टुक, टुक. एका मापात, न थकता.
तांबट आळी सोडून मला चाळीस वर्षं झाली,
इथं कोण घंगाळं घडवतंय?
सेक्रेटरी पारसनीसांनी शेरा मारला:
‘चौकशी केली. पक्षी आहे.’

मान वर केली तेव्हा
शेवग्याच्या वाळक्या फांदीवर
मुठीएवढा हिरवा ऐवज,
कपाळभर कुंकू फिस्कटलेलं,
आणि चोच बंद!
चोच बंद ठेवून गळ्यातून ठोकतो लेकाचा.
तक्रार मागे घेतली. तीही लेखी.

(शेवगा शालननं लावला होता.
मुळं ड्रेनेजमध्ये जातील, असा
माझा विरोध तेव्हा नोंदवलेला आहे.
ती गेली त्या साली एक फांदी वाळली.
तोडायला माणूस सांगितला होता,
तो आलाच नाही.)

पावसाळा सरता सरता
बाकीची ओळख झुंबरबाईनं करून दिली.
ती वेल्ह्याकडची. भांडी झाली की
पदराला हात पुसत माझ्या काठीपुढं चालते.
ज्याला मी सरसकट गवत म्हणत होतो
त्यात केना निघाला, आंबुशी निघाली,
कुर्डू निघाली. “कवळी आसताना भाजी करत्यात, सायेब.
आता म्हातारी झाली,”
हे माझ्याकडे न बघता.
आघाडा तर पायजम्याला धरून आधीच घरात आला होता.
रात्रभर टोचला. मी ढेकूण समजून
गादी उन्हात टाकली.

मग जुन्या वहीत रकाने आखले.
सवय जात नाही.
मालक म्हणून माझं नाव, ठसठशीत.
त्याखाली ‘इतर हक्क’, आजवर कोरा.

शिंपी: अंजिराचं एक पान, टाके घातलेलं, पैकी दोन उसवलेले.
कुंभारीण माशी: मीटरच्या पेटीमागे चार खोल्या,
मातीकाम, बिनपरवाना.
मुंगूस: क्षेत्र निरंक. तळजईकडून सकाळी सातला येतं,
कर्दळीतून गटाराकडे जातं,
माझ्याकडे बघतं ते ऑफिसात उशिरा आलेल्या
शिपायाकडे साहेब बघतो तसं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
मोजणीवाल्यानं तरी म्हणू नये.
मी पाहिलंय: कुंपण, पुढं गोवंड्यांची स्कूटर,
पुढं त्यांनी परवाच बसवलेले पेव्हर ब्लॉक.
तिथं तो थबकला,
भाजलेला एकेक पाय उचलत
माझ्याकडे परत आला.

भिंतीच्या कोपऱ्यात एक रोप राहिलं.
जांभळा देठ, पानाला लव, फूल अजून नाही.
वरच्या मजल्यावरच्या निहारनं मोबाइलनं तीनदा फोटो काढला,
तीन वेगळी नावं आली.
झुंबरबाई उकिडवी बसली,
पान चुरगाळलं, हुंगलं,
जिभेला लावून थुंकली.
“न्हाई ठावं. आमच्याकडं न्हवतं हे.
आसंल कायतरी.
ऱ्हाऊ द्या.”

नावाच्या रकान्यात मी तेच लिहिलं,
तिच्याच शुद्धलेखनात:
ऱ्हाऊ द्या.
शाई वाळेस्तोवर वही पायरीवर उघडीच ठेवली.
तेवढ्यात अठरावी चकर की एकोणिसावी,
ते विसरलो.