बांधकामाचे मूल्य

जाहिरातीत दोनच ओळी होत्या:
कदीम जालन्यात, छावणीच्या काळातला बंगला, अकरा गुंठे,
पुनर्विकासाला भरपूर वाव.
'वाव' हा शब्द मी दोनदा वाचला.
इलियास म्हणाला, चल बघून तर येऊ,
बघायला काय जीएसटी लागतो?

फाटकाशी बुचाचं झाड. त्याखाली मिस खरात,
मिशनच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त,
हातात डास मारायची रॅकेट.
"चपला राहू द्या," म्हणाल्या,
"फरशी आता तुमचीच व्हायचीय."

व्हरांड्याला आठ खांब, बिडाचे.
(बीडचे नव्हेत. इलियासची सासुरवाडी बीडची,
त्यानं हा विनोद दिवसभर पुरवला.)
खांबांच्या डोक्यावर द्राक्षांचे घोस,
ज्यानं ओतले त्यानं जालना पाहिलं नव्हतं
आणि जालन्यानं तेव्हा द्राक्षं.
मी सळईचा माणूस. टिचकी मारली, कान लावला:
एकेक खांब अडीच क्विंटल,
आठाचे वीस, भंगारात किलोला छत्तीस,
बहात्तर हजार
उभेच आहेत की इथं, ऊन खात.

मूळ कागद उर्दूत, फसली तेराशे दोनचा.
निवृत्त पेशकार हमीदोद्दीन साहेबांनी
पानाला पाचशे घेऊन वाचून दाखवला.
पूर्वेस घोड्यांचा हौद,
पश्चिमेस रिसाल्याची बराक,
उत्तरेस सडक,
दक्षिणेस, इथं ते थांबले, चष्मा पुसला,
दक्षिणेस "काही नाही".
"असंच लिहिलंय?"
"असंच लिहिलंय. काही नाही."
आता तिथं सरकी-बियाण्याचं गोदाम आहे,
आणि घोड्यांच्या हौदावर मंगल कार्यालय.

बँकेचा मूल्यांकनवाला आला, पोरगाच होता,
लेझरचा लाल ठिपका भिंतीवर नाचवला.
जमीन: एक कोटी नव्वद लाख.
बांधकाम: शून्य.
"शून्य कसं हो? अठरा इंची भिंत आहे."
"काका, आयुष्य साठ वर्षं धरतात.
कागदावर हे घर
सत्तर वर्षांपूर्वीच गेलंय."
मिस खरात चहा घेऊन दारात उभ्या.
त्यांनी ऐकलं असावं.
ट्रे हलला नाही.

दिवाणखान्यात एक चूल भिंतीत बसवलेली,
संगमरवरी चौकट, वर धुराडं.
चव्वेचाळीस डिग्रीच्या गावात!
"कोण्या साहेबाला थंडी वाजत होती?"
"नकाशा तिकडून आला असेल," मिस खरात म्हणाल्या,
"नकाशाला कुठं ऊन लागतं?
मी एकदाच पेटवली, एकोणऐंशी साली,
धूर वर जातो का बघायला."
"मग?"
"जातो."

मोजणी झाली. इसार झाला. रजिस्ट्रीला बोटं शाईची.
त्या भाचीकडे परभणीला गेल्या,
सोबत एक पेटी आणि बुचाचं रोप, डालड्याच्या डब्यात.
इलियासनं नकाशा काढून आणला:
तळाला पार्किंग, वर सोळा फ्लॅट,
नाव 'व्हिक्टोरिया हाइट्स'.
खांब एमआयडीसीच्या भट्टीत जाणार,
वितळून बारा एमएमची सळई होणार,
आणि नशीब असेल तर
याच प्लॉटवर परत येणार,
सिमेंटच्या आत, कुणाला न दिसता.
या धंद्यात वीस वर्षं झाली,
हे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं.

काल रात्री एकटाच गेलो. वीज तोडलेली.
मूल्यांकनाच्या अहवालाची झेरॉक्स खिशात होती,
तिची सुरळी केली, चुलीत ठेवली, काडी ओढली.
धूर वर गेला नाही.
सगळा माझ्याच अंगावर आला,
डोळे चुरचुरले, खोकत व्हरांड्यात पळालो,
गोदामाचा वॉचमन टॉर्च घेऊन धावला,
"काय जळतंय, शेठ?"
"काही नाही."

धुराड्यात कबुतरांनी घर केलं असणार,
किंवा मधमाश्यांनी. किंवा मिस खरात खोटं बोलल्या.
सकाळी शिडी लावून बघावं लागेल.

इलियासचा फोन आला: जेसीबी सोमवारी सांगू का?
म्हटलं, शिडी आहे का रे तुझ्याकडं,
लांबडी?