काळंनिळं

ओर्ताच्या दवाखान्यात त्या रात्री मी एकटाच.
बाहेर बंदरात दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटत होत्या
आणि काचेवरच्या उजेडात इवोनची मांडी.
वय दीड वर्ष. हे तिसरं मोडणं.

"पडली नाही," बाप म्हणाला,
"लंगोट बदलताना पाय उचलला, तेवढंच."
मान खाली. बोटांना गोठ्याचा वास.
आदेलीनु. चौदा गाई. हाडाचा गवळी.
काही विचारलं की उजवा कान पुढे करायचा
आणि उत्तर भलतंच द्यायचा.
मला ती उडवाउडवी वाटली.

मी कागद भरला.
कातडीवर काळंनिळं काही नाही, असं लिहिलं,
तरी त्या चौकोनात खूण केली
ज्याच्यापुढे 'संशय' छापलेलं असतं.

सकाळी डॉक्टर द्योलिंदा आल्या. निवृत्तीला दोन महिने.
एक्स-रेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
पोरीला खिडकीपाशी नेलं, अंगठ्याने पापणी उचलली.

पांढरं पांढरं नव्हतं.
साय काढून घेतलेल्या दुधासारखं होतं.

"सांग, काय काय असू शकतं?"
तोंडी परीक्षेसारखं.
तान्ह्यांचे असतातच जरा निळसर, मी म्हणालो.
रक्तात लोह कमी.
स्टिरॉइडं फार दिवस.
मुरुमांच्या गोळ्या, वर्षानुवर्षं...
"दीड वर्षाच्या पोरीला मुरुमं?"
सैल सांध्यांचे ते आजार.
आणि
आणि हाडं.

"निळा रंग नसतोच तिथे," त्या म्हणाल्या.
"वीण विरविरीत. आतला अंधार दिसतो.
त्याच सुताची हाडं."

मग बापाकडे वळल्या. "वर बघा."
त्याला ऐकू गेलं नाही.
त्यांनी हनुवटीला बोट लावलं, पोराला लावावं तसं,
आणि खिडकीतला सगळा उजेड
त्याच्या चेहऱ्यावर पडला.

माझे डोळे पांढरे झाले.
त्याचे नव्हते.

"तुमची किती मोडली?"
तो बोटं मोजायला लागला.
मनगट. गळपट्टीचं हाड. नडगी, दोनदा.
"मला आठवत नाही. लहान होतो.
बाप प्यायचा. गावाने ठरवलं, त्यानेच मोडली.
मीही तेच धरून बसलो.
त्याच्या मातीला गेलो नाही."

"आणि आई?"
"चाळिशीत बहिरी झाली."
"तिचे डोळे?"
तो जरासा हसला.
"आम्ही म्हणायचो, समुद्र बघून बघून झालेत."

कागदाची वरची प्रत मी फाडली.
खालची सातच्या विमानाने दुसऱ्या बेटावर गेली होती.
मी फोन लावून उभा, कुणी उचलेना,
आणि माझ्या मागे तो विचारत होता,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
पहिल्यांदाच नजर वर करून:

आता हिला उचलू कसं?